जाताना हलकं, येताना जड: फ्रेमची सॅक कशी निवडावी

गेल्या डिसेंबरात आम्ही आठ जण साल्हेरवर साफसफाईला गेलो होतो. वाघांब्यातून चढताना प्रत्येकाच्या पाठीवर फार तर सहा-सात किलो होते. पाणी, भाकरी, ठेचा, हातमोजे आणि रिकाम्या गोण्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत साल्हेर आहे. गडावरची वर्दळ वाढली आणि वर्दळीसोबत बाटल्याही. गंगासागर तलावाच्या काठानं आणि गुहांच्या आसपास दुपारपर्यंत फिरलो, तर नऊ गोण्या भरल्या.

प्लॅस्टिकची गोणी फुगते, पण वजनाला काही नसते. माझ्या वाट्याला काचेची आली. गावात आल्यावर काट्यावर ठेवली तेव्हा अठरा किलो भरली. ती मी माझ्या नेहमीच्या सॅकवर सुतळीनं बांधली होती. पायऱ्या उतरताना प्रत्येक पावलाला गोणी डावीकडे झुकायची, मग उजवीकडे, आणि तिच्यामागून मी. घसाऱ्यावर दोनदा बसलो. आमच्यातल्या एका मित्राकडेही तेवढ्याच वजनाची गोणी होती. त्यानं सॅक जमिनीवर आडवी टाकली, बाजूचे पट्टे सैल केले. पिशवी पाठीच्या सांगाड्यापासून पुस्तकाच्या पानासारखी उघडली, गोणी मध्ये ठेवली, पट्टे आवळले आणि उठून चालू लागला. मी खाली पोचलो तेव्हा त्याचा चहा पिऊन झाला होता.

त्याची ती सॅक मुळात शिकाऱ्यांसाठी बनवलेली. त्या दिवसापासून मी या प्रकाराच्या मागे लागलो आहे. वापरून, उसनी घेऊन, एकदा स्वतः बनवून बघितली. नाशिकच्या डोंगरांत वावरणाऱ्या, श्रमदानाला जाणाऱ्या, दोर-सामान वाहणाऱ्या लोकांना या सॅकबद्दल जे माहीत असायला हवं, ते इथे सांगतो.

शिकाऱ्याला अशी सॅक का लागली

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे शिकारीची सॅक शिकारीसाठी घेण्याचा प्रश्न इथे येत नाही. पण ती कुठल्या गरजेतून जन्माला आली हे कळलं, की तिचा आपल्याला काय उपयोग ते आपोआप कळतं.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत एल्क नावाचं मोठं हरीण असतं. परवाना काढून त्याची शिकार होते. गाडीरस्त्यापासून कित्येक किलोमीटर आत प्राणी पडला, की तो जागेवरच कापून, त्याचं मांस पाठीवरून फेऱ्या मारत बाहेर आणावं लागतं. हाडं काढून टाकली तरी मोठ्या नराचं मांस शंभर किलोच्या आसपास जाऊ शकतं. म्हणजे सकाळी निघताना पाठीवर दहा-बारा किलो, आणि परतताना अचानक तीस-चाळीस. तेही ओलं, घसरणारं, वेड्यावाकड्या आकाराचं. नेहमीच्या सॅकमध्ये ते मावत नाही आणि मावलं तरी सगळं सामान रक्तानं भरतं.

यावर तोड निघाली ती अशी. सॅकचे दोन वेगळे भाग करायचे. एक सांगाडा, म्हणजे फ्रेम. तिला खांद्याचे पट्टे आणि कमरपट्टा कायमचे जोडलेले. दुसरी पिशवी, जी फ्रेमवर बकलांनी अडकते आणि हवी तेव्हा निघते. दोघांच्या मध्ये जड ओझं ठेवायची जागा. खाली आधाराला एक छोटी पट्टी किंवा कापडाची झोळी असते, त्यामुळे ती जागा फळीसारखी वापरता येते. त्याच फ्रेमवर आज तीस लिटरची पिशवी लावा, उद्या सत्तर लिटरची, परवा पिशवीच नको, नुसतं पाण्याचं कॅन बांधा. मॉड्युलर म्हणतात ते याला.

कल्पना तशी जुनी. नॉर्वेच्या ओले बर्गन यांनी १९०९ मध्ये पाठीच्या आकाराला जुळणाऱ्या फ्रेमच्या सॅकचं पेटंट घेतलं. अमेरिकेत १९२० च्या दशकात ट्रॅपर नेल्सन नावाची लाकडी फ्रेम आली. लाकडाच्या चौकटीवर ताणलेलं कॅनव्हास आणि मागे सुटी पिशवी. १९५२ मध्ये डिक केल्टी यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या फ्रेमा विकायला सुरुवात केली. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. डोंगरात त्यांच्या एका मित्रानं फ्रेमची खालची दोन टोकं जीन्सच्या मागच्या खिशांत खोचली, आणि खांद्यांवरचं ओझं एकदम उतरल्यासारखं वाटलं. त्यातून कमरपट्ट्याचं महत्त्व लक्षात आलं. पुढे १९६७ मध्ये ग्रेग लो यांनी फ्रेम सॅकच्या आत घातली, आणि आज आपल्या बाजारात दिसणाऱ्या जवळजवळ सगळ्या ट्रेकिंगच्या सॅक त्या वंशातल्या आहेत. त्या चालायला सुटसुटीत असतात, पण पिशवी आणि सांगाडा एकजीव झाल्यामुळे मधली जागा गेली.

चुंबळ आणि कडेवरची कळशी

ओझं अंगावर कसं बसतं हे समजून घ्यायला परदेशी जायला नको. इगतपुरीकडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाणी आणणाऱ्या बायका बघा. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हंडा, त्यावर कळशी. मान ताठ, पाठ सरळ. वजन डोक्यातून मणक्यात, मणक्यातून कमरेच्या हाडात, तिथून पायात उतरतं. वाटेत कुठेही स्नायूंना ते ओढून धरावं लागत नाही. दुसरी कळशी कडेवर असते, म्हणजे थेट कमरेच्या हाडावर टेकलेली. लहान मूलही आपण कडेवरच घेतो. हातात धरून किती वेळ नेता येईल?

खांदा ही ओझं टांगायची जागा आहे, ठेवायची नाही. खांद्याचं हाड बाकीच्या शरीराला बरंचसं स्नायूंनीच बांधलेलं आहे. त्यावर पंधरा किलो टांगले की मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंतचे स्नायू सतत ताणलेले राहतात आणि दोन तासांत बोलू लागतात. कमरेचं हाड मात्र रुंद, भक्कम आणि पायांच्या बरोबर वर. म्हणून जड सॅकचं बहुतांश वजन कमरपट्ट्यानं घ्यायचं, आणि खांद्याच्या पट्ट्यांनी ती फक्त पाठीला चिकटवून ठेवायची.

यासाठी फ्रेम ताठ लागते. नुसत्या कापडी पिशवीला कमरपट्टा शिवून भागत नाही. वजन वाढलं की पिशवी मधेच उशीसारखी खचते, कमरपट्टा सैल पडतो आणि सगळा भार पुन्हा खांद्यावर येतो. दुकानात फ्रेमची सॅक बघताना मी पहिल्यांदा तिचा वरचा आणि खालचा भाग दोन हातांत धरून उभा दाबतो. दाबल्यावर ती घडी होऊ लागली, तर वीस किलोला ती तुमच्या खांद्याशी भांडणार. थोडी पिळली गेली तर मात्र हरकत नाही, उलट बरं. चालताना कंबर आणि खांदे उलट दिशेनं फिरतात. फ्रेमनं उभ्या दिशेत ताठ आणि आडव्या दिशेत थोडं लवचिक असावं.

आता दुसरी गोष्ट, जी मला साल्हेरच्या उतारावर अठरा किलोंनी शिकवली. भरलेली बादली अंगाशी धरून उभे राहा, आणि मग तीच हात लांब करून धरा. वजन तेवढंच आहे, पण हात थरथरतो. पाठीवरही हेच होतं. ओझ्याचा मध्य पाठीपासून दहा सेंटिमीटरवर असेल आणि तेच ओझं तीस सेंटिमीटरवर गेलं, तर मागे ओढणारा जोर तिप्पट होतो. त्याला तोलायला तुम्ही पुढे वाकता आणि कंबर धरते. माझी काचेची गोणी भरलेल्या सॅकच्याही बाहेर होती. मित्राची पाठीला लागून होती आणि त्याच्या फुसक्या सामानाची पिशवी तिच्याबाहेर. दोघांचं वजन सारखंच, फरक फक्त कुठली वस्तू आत आणि कुठली बाहेर याचा. शिकाऱ्यांच्या सॅकची सगळी हुशारी या एका जागेत आहे.

पाठीचं माप

इथे घाई करू नका. फ्रेम चुकली तर बाकी कितीही चांगलं असो, फुकट आहे.

सॅक तुमच्या उंचीवर बसत नाही, पाठीच्या लांबीवर बसते. पाच फूट चार इंचांच्या माणसाची पाठ पाच फूट नऊ इंचवाल्यापेक्षा लांब असू शकते, कारण उंचीतला मोठा फरक पायांत असतो. माप घ्यायला घरातल्या कुणाला तरी मदतीला बोलवा आणि शिंप्याची टेप घ्या. मान खाली वाकवा. मानेच्या मुळाशी जो मणका ठळक वर येतो, ते वरचं टोक. मग विठोबाच्या मूर्तीसारखे कमरेवर हात ठेवा, पण अंगठे मागे वळवून. बोटांखाली कमरेच्या हाडाची कड लागेल. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ मणक्याला जिथे छेदते, ते खालचं टोक. टेप पाठीच्या वळणावरून जाऊ द्या, ताणू नका. बहुतेक प्रौढांचं माप अडतीस ते छप्पन्न सेंटिमीटरच्या मध्ये कुठेतरी येतं.

चांगल्या फ्रेमवर खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवून हे माप जुळवता येतं. पण फ्रेमची स्वतःची उंची वेगळी असते, आणि दुकानदार ती सहसा सांगत नाही. खांद्याच्या पट्ट्यांच्या वरच्या बाजूनं एक छोटी पट्टी फ्रेमच्या माथ्याकडे जाते. तिला लोड लिफ्टर म्हणतात. ती ओढली की ओझ्याचा वरचा भाग पाठीकडे खेचला जातो. ही पट्टी खांद्यापासून वर तिरकी, साधारण पंचेचाळीस अंशांत गेली तरच काम करते. फ्रेम तुमच्या खांद्याच्या पातळीतच संपत असेल तर पट्टी आडवी होते, आणि ओढल्यावर ओझं उचलण्याऐवजी खांदाच आवळते. म्हणून जड कामाच्या शिकारी फ्रेमा चोवीस ते सव्वीस इंच उंच असतात. लहान चणीच्या माणसाला चोवीसची पुरते.

बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण आमच्या गटातल्या तीन मैत्रिणींनी केवळ यामुळे जड ओझं उचलणं सोडलं होतं. त्यांच्या कमरेचा उतार पुरुषांपेक्षा वेगळा असतो आणि सरळ नळीसारखा कमरपट्टा फक्त वरच्या कडेनं टोचतो. पट्ट्याचे दोन्ही पंख थोडे तिरके वळवता येणारी, आणि खांद्याचे पट्टे छातीच्या बाजूनं वळून जाणारी फ्रेम बघा. कमरपट्टा वेगळा विकत मिळत असेल, तर आधी तो बदलून पाहा. पट्टा बदलल्यावर त्यांतल्या दोघी आता माझ्याइतकंच उचलतात.

हरिहरच्या पायऱ्यांवर

परदेशातल्या लेखांत न मिळणारा भाग हा आहे. तिकडचा शिकारी उघड्या, गवताळ उतारांवर चालतो. आपला सह्याद्री कातळाचा आहे.

हरिहरला निरगुडपाड्याकडून चढताना त्या जवळजवळ उभ्या कातळपायऱ्या लागतात. पायऱ्यांत दोन्ही बाजूंना खोबण्या आहेत, त्यांत बोटं अडकवून चढायचं. इथे डोक्याच्या वर गेलेली फ्रेम असली तर मान वर करता येत नाही. पुढची खोबणी दिसत नाही आणि हेल्मेट फ्रेमवर आपटतं. पाठीपासून लांब गेलेलं ओझं तुम्हाला थेट दरीकडे ओढतं. दरवाजा ओलांडला की पुढची वाट कातळाच्या कपारीतून, डोक्यावर दगड घेऊन जाते. वाकून चालावं लागतं. उंच फ्रेम तिथे वर घासते, रुंद गोणी बाहेरच्या बाजूला लोंबते. अशा ठिकाणी मी फ्रेम उतरवून दोरानं ओढून घेतलेली आहे आणि त्याची लाज वाटायचं काही कारण नाही.

म्हणून आपल्यासाठी नियम असा: ओझं खांद्यांच्या रुंदीच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि कातळाचा टप्पा असेल तर डोक्याच्या वर काही नको. सपाट वाटेवर जड वस्तू पाठीच्या वरच्या-मधल्या भागात, खांद्याच्या पात्यांजवळ ठेवली की बरं चालता येतं. कातळावर आणि घसाऱ्यावर तीच वस्तू थोडी खाली, कमरेच्या जवळ आणा. तोल सांभाळायला सोपं जातं. सॅकच्या तळाला मात्र काही लोंबकळत बांधू नका. उतरताना ते मांडीच्या मागे आपटत राहतं.

अलंग-मदन-कुलंगसारख्या ट्रेकला फ्रेमचा खरा उपयोग होतो. अलंग आणि मदनच्या वाटेत तुटलेल्या पायऱ्यांचे टप्पे आहेत, तिथे दोर लावल्याशिवाय जाता येत नाही. दहा मिलिमीटरचा साठ मीटरचा दोर पावणेचार-चार किलोंच्या आसपास भरतो. त्यात हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे), कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या), हेल्मेट, दोन-तीन दिवसांचा शिधा, पातेली. आंबेवाडीतून निघताना हे सगळं पिशवीत, आणि कातळाच्या पायथ्याशी पोचल्यावर अर्धं सामान पिशवीबाहेर येऊन माणसांच्या अंगावर चढतं. पुन्हा वर पोचल्यावर टाक्यातून मुक्कामापर्यंत पाणी न्यायचं. वीस लिटर म्हणजे वीस किलो. पिशवी मुक्कामी काढून ठेवायची, नुसत्या फ्रेमवर कॅन आडव्या पट्ट्यांनी बांधायचं आणि एका फेरीत सगळ्यांचं पाणी. दोन हातांत दोन कॅन घेऊन कातळावरून चालण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे, कारण हात मोकळे राहतात.

श्रमदानाची अवजारंही तशीच. पहार उभी, फ्रेमच्या नळीला लागून, तीन ठिकाणी बांधावी. टोक खाली आणि त्याला जुन्या चपलेचा तुकडा किंवा जाड कापड गुंडाळलेलं. घमेली एकात एक घालून पाठीकडे फुगीर बाजू येणार नाही अशी ठेवावीत. (गडावर कुठलंही खोदकाम किंवा बांधकाम पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय करू नका. मी कचरा, गाळ आणि झुडपांबद्दल बोलतो आहे, आणि टाक्यातला गाळ काढायलाही आधी विचारतो.)

नळ्या, कापड, बकल

फ्रेम कशाची, याला मी पाठीच्या मापाइतकं महत्त्व देत नाही. ॲल्युमिनियम स्वस्त, टिकाऊ, वाकलं तर दिसतं आणि बऱ्याचदा सरळ करता येतं. कार्बन फायबर हलकं आणि ताठ असतं, पण दगडावर नेमका मार बसला तर आतून तडा जातो आणि तो बाहेरून लगेच कळत नाही. काही फ्रेमा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घालून बनवतात. आपल्या कामाला त्या उत्तम.

स्वतः बनवायचा मोह अनेकांना होतो, कारण सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत नळी वाकवून वेल्डिंग करून देणारे हवे तेवढे मिळतात. मीही एक करून घेतली. ॲल्युमिनियमची नळी, चार आडवे दांडे, सुबक वेल्डिंग. तिसऱ्याच फेरीत खालचा दांडा सांध्याजवळ तुटला. वेल्डिंग करणाऱ्याचा हात चांगला होता, चूक माझ्या कल्पनेत होती. ६०६१ सारख्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला जी ताकद असते ती उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते, आणि वेल्डिंगच्या आचेनं सांध्याच्या आसपासची ती ताकद मोठ्या प्रमाणात उतरते. तेवढ्याच भागावर प्रत्येक पावलाला ताण येतो. सांधे नट-बोल्ट किंवा रिव्हेटनं जोडले असते तर चाललं असतं. पण खरी अडचण त्यानंतर कळली. नळ्यांची चौकट कुणीही बनवेल, पण कमरेला नीट बसणारा कमरपट्टा घरी शिवणं फार अवघड आहे. तो आतून ताठ आणि बाहेरून मऊ लागतो, आणि वजनाखाली दोन वर्षं दबून बसला नाही पाहिजे. पैसे वाचवायचे असतील तर पिशवी स्थानिक कारागिराकडून शिवून घ्या, फ्रेम आणि कमरपट्टा मात्र तयार घ्या.

कापडावर डेनिअरचा आकडा लिहिलेला असतो. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. म्हणजे आकडा मोठा तर धागा जाड. पाचशे डेनिअरचं नायलॉन कातळ आणि कारवीच्या काटक्यांना पुरेसं आहे. हजारचं आणखी दणकट, पण जड, आणि पावसात भिजल्यावर आणखी जड. आतल्या बाजूच्या लेपाकडे बघा. पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत हळूहळू कुजतो, चिकट होतो आणि पापुद्रे निघू लागतात. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात भिजलेली सॅक तशीच माळ्यावर टाकली की दोन-तीन वर्षांत हे होतं. सावलीत पूर्ण वाळवून, हवा लागेल अशी टांगून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका.

बाजूचे आवळायचे पट्टे कुठे शिवलेत ते तपासा. ते फ्रेमवर हवेत, पिशवीवर नकोत. पिशवीवर असतील तर ओझं पिशवीला आवळलं जातं आणि पिशवीच पाठीपासून लांब ओढली जाते. दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन पट्टे असावेत. दोन असले की गोणी मधल्या भागात फुगते.

आणि बकल. कुलंगच्या उतारावर माझ्या कमरपट्ट्याचं बकल तडकलं. मी सॅक दगडावर जरा जोरात टेकवली होती. नवीन सॅक, तिसरा ट्रेक. उरलेली वाट कमरेला दोराची गाठ मारून उतरलो आणि त्या रात्री खांदे उचलत नव्हते. त्यानंतर एक जादा बकल कायम जवळ असतं. शिवण न उसवता पट्टीत घालता येणारं, स्क्रूच्या पिनचं बकल मिळतं. वजन नगण्य.

पक्षी बघायला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. शिकाऱ्याला आवाज चालत नाही, म्हणून या सॅकांवर वेल्क्रो कमी असतो आणि कापड कुजबुजत नाही. नांदूरमध्यमेश्वरला पहाटे मोठी लेन्स आणि ट्रायपॉड घेऊन बसणाऱ्या एका मैत्रिणीला हे फार उपयोगी पडलं. ट्रायपॉड मधल्या जागेत आडवा न ठेवता उभा ठेवते.

कुणी घेऊ नये

अमेरिकेतल्या नामांकित कंपन्यांच्या फ्रेम-पिशवीची जोडी पाचशे ते सातशे डॉलरच्या घरात जाते. त्यावर पाठवणी आणि आयात शुल्क. शिवाय पूर्ण सॅकचं रिकामं वजन अडीच ते साडेतीन किलो. साध्या पन्नास लिटरच्या सॅकपेक्षा एखादा किलो जास्तच, तोही प्रत्येक ट्रेकला.

तुमचं ओझं निघताना जेवढं, परतताना त्याहून कमीच होत असेल, तर हा जादा किलो वाहू नका. कळसूबाईला दिवसाच्या ट्रेकला, अंजनेरीला, धोडपला एका मुक्कामाला जाणाऱ्याला आतल्या फ्रेमची, पाठीचं माप जुळवता येणारी साधी सॅक भरपूर झाली. तीही बारा-चौदा किलो उत्तम पेलते. फ्रेमची सॅक घ्यायची ती वाटेत ज्याचं ओझं बदलतं त्यानं: वरून कचरा उतरवणाऱ्यानं, मुक्कामी पाणी वाहणाऱ्यानं, गटाचा दोर उचलणाऱ्यानं, आणि पाय मुरगळलेल्या सोबत्याची सॅक स्वतःच्या सॅकसोबत घेऊन उतरायची वेळ ज्याच्यावर येते त्यानं. गटात आठ जण असतील तर आठ फ्रेमांची गरज नाही. दोन पुरतात. आमच्या गटानं वर्गणी काढून एक घेतली आणि पाठीचं माप सरकवता येत असल्यामुळे ती पाच जणांना बसते.

पांडवलेणीची चाचणी

दुकानात रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते. म्हणून परत करायची मुदत विचारून घ्या आणि घरी आणल्यावर लेबल न काढता तांदळाच्या, साखरेच्या पिशव्या चादरीत गुंडाळून पंधरा किलो भरा. मधल्या जागेत, पाठीला लागून. आधी वापर घरातच करा.

आधी सगळे पट्टे सैल सोडा. सॅक पाठीवर घ्या, किंचित पुढे वाका, कमरपट्ट्याचा मध्य कमरेच्या हाडाच्या कडेवर आणा आणि घट्ट बांधा. मग सरळ उभे राहा. आता खांद्याचे पट्टे ओढा, पण खांद्यावर दाब येईपर्यंत नाही. लोड लिफ्टर हलकेच खेचा. छातीचा पट्टा शेवटी, श्वास मोकळा राहील इतका. खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. अर्धा तास घरात, जिन्यावर वर-खाली करा.

घरात बरी वाटली, तर मुदत संपायच्या आत एका सकाळी ती पांडवलेणीच्या पायऱ्यांवर न्या. त्रिरश्मी डोंगराच्या त्या पायऱ्या नाशिक शहरातच आहेत, वाटेत बसायला जागा आहे आणि चढ इतका नक्की आहे की चूक लपत नाही. वरपर्यंत जा, दहा मिनिटं टेका, उतरा. उतरताना लक्ष द्या, कारण चढताना दम लागतो आणि बाकी काही कळत नाही. खांद्याच्या वरच्या बाजूला दुखत असेल, तर कमरपट्टा घसरला आहे किंवा पाठीचं माप आखूड झालं आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येत असतील, तर कमरपट्टा नको तिथे दाबतो आहे, तो बोटभर सरकवून पुन्हा घट्ट करा. ओझं पावलागणिक डावी-उजवीकडे झुलत असेल, तर आवळायचे पट्टे खालून वर या क्रमानं पुन्हा ओढा. दोनदा ओढूनही झुलत राहिलं, तर ती फ्रेम परत करा.